सात नंबरच्या लिफ्टवरून आलेला फोन

१२ डिसेंबर, गुरुवार

आजपासून खोलीत चहा नाही.

चोवीस वर्षं मी ह्या हॉटेलात पाहुण्यांच्या मागून जिना चढले आहे. खोलीत गुडघे टेकून चहा ओतायचा, बर्फ कसा पडलाय ते सांगायचं, गरम पाण्याचं कुंड कोणत्या वेळी मोकळं असतं ते सांगायचं, आणि चेहऱ्यावरूनच ओळखायचं की ह्याला आज भात जास्त लागणार. आता लॉबीत एक लांब फळी ठोकली आहे. तिच्यावर टूथब्रश, कंगवे, दाढीची पाती, चहाच्या पुड्या. ज्याला जे हवं ते त्याने उचलून न्यायचं. अंगात घालायचे युकातासुद्धा मापाप्रमाणे रचून ठेवलेत. पाहुणा दिवसभर डोंगर उतरून थकून यायचा आणि आम्ही त्याला दुकानातल्यासारखं फळीपुढे उभं करायचं!

हे सगळं त्या नव्या सेगावाचं डोकं. पाहुण्यांच्या व्यवस्थेची प्रमुख म्हणून कंपनीने हिला दक्षिणेतल्या कुठल्याशा समुद्रकाठच्या हॉटेलातून उचलून इथे आणलं. मूळची ओसाकाची, वय चौतीस. आयुष्यात कधी पायात स्की घातली नाही. मी अठ्ठावन्न वर्षांची, ह्याच हिनोकुरा गावात जन्मले, आणि ही मला शिकवते.

काय शिकवते तेही धड कळत नाही. तोंडावर मास्क आणि बोलणं तोंडातल्या तोंडात. शेवटी सगळ्यांसमोर म्हटलं, "सेगावासान, ओसाकाची माणसं घसा फोडून बोलतात असं ऐकलं होतं बाई." काउंटरवरच्या पोरी हसल्या. ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ.

१६ डिसेंबर, सोमवार

नवऱ्याशी, इवाओशी, भांडले. त्याने स्वस्तातली किटली आणली आहे, तिची शिट्टीच वाजत नाही. पाणी आटून बूड काळं झालं तरी मला पत्ता नाही. हा समोरच बातम्या बघत बसलेला.

म्हटलं, "अरे, दुकानात वाजवून तरी बघायची!"

तो काहीतरी बोलला.

"काय?"

"काही नाही."

हे एक नवीन. ह्या माणसाचं हल्लीचं उत्तर म्हणजे 'काही नाही'. शाळेत एका वर्गात होतो आम्ही. वीस वर्षं डोंगरावर गस्त घालायचा तेव्हा एका हाकेत अख्खी उतरण रिकामी करायचा. गुडघा गेला, हॉटेलच्या तळघरात स्की भाड्याने द्यायला बसला, आणि आवाजही गेला. टीव्ही बघतो तोही खाली अक्षरं लावून. मी आवाज वाढवला की शेजारच्या ओकुमुरांचं नाव पुढे करतो.

बर्फ भरपूर आहे. पण यंदाचा बर्फ मेला आहे, पायाखाली पूर्वीसारखा करकरत नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

मला फोनवरून काढलं.

कारण काय, तर ३०६ मधली बाई. तिने फोन करून गरम पाणी मागितलं, मी कुंडाच्या वेळा सांगितल्या. सकाळी सहा ते दहा, दुपारी दोन ते अकरा. ह्यात चूक काय? तिला म्हणे बाळाच्या दुधासाठी थर्मासमध्ये हवं होतं. मग तसं बोलावं! ती म्हणते तसंच बोलले, दोनदा बोलले. आजकालच्या आया. फोन गालाखाली दाबून दहा कामं करत बोलतात आणि दोष आम्हाला.

सेगावाने मागच्या खोलीत बोलावलं. दार लावलं, मास्क काढला, माझ्या अगदी समोर बसली. म्हणाली, "फुकामिसान, आजपासून फोन कोहारु बघेल. तुम्ही समोर आलेल्या पाहुण्यांना बघा. तुमच्याइतकं ते कोणाला जमत नाही."

कोहारु! दोन हंगाम झाले तिला कामाला लागून.

"मला शिक्षा देताय?"

"शिक्षा नाही. एक विचारू का? तुम्ही कधी कान..."

"माझं काम मला माहीत आहे," म्हटलं आणि उठले. कान उघडे ठेवा असं सांगणार होती. माझ्या मुलीच्या वयाची!

११ जानेवारी, शनिवार

सुट्ट्यांची गर्दी ओसरत नाही. इतके दिवस लिहायला हात रिकामा नव्हता.

बूट सुकवायच्या खोलीत कोणीतरी ओले मोजे गरम हवेच्या नळीत कोंबले, नळी बंद पडली. कुंडात दोघे जण चड्डी घालून उतरले, त्यांना हातवारे करून बाहेर काढलं. हातमोजे हरवलेले रोज आठ-दहा, आणि सगळे डावेच. स्टेशनवरून येणारी बस वीस मिनिटं उशिरा, आणि आलेला प्रत्येक जण माझ्याकडे असा बघतो की बर्फ मीच पाडला. आणि फळीवरचे टूथब्रश! एक बाई सतरा घेऊन गेली. सतरा! मी सेगावाला मोजून सांगितलं. ती म्हणाली, "लोक सुरुवातीला असंच करतात." हिला राग येत नाही. राग न येणाऱ्या माणसाची मला चीड येते.

१६ जानेवारी, गुरुवार

कुवाबारासान आणि त्यांची बायको आली. बावीस वर्षं ह्याच आठवड्यात येतात. ते शहात्तर, त्या चौऱ्याहत्तर. शिझुओकात जन्म गेला, तिथे अंगणात संत्री लागतात, बर्फाचं नाव नाही. तरी तामाएसान अशी स्की करतात की आमच्या गस्तीतल्या पोरांनी बघत राहावं. ते आपले मागून, हळूहळू, बायकोने पाडलेल्या रेघांवरून.

फळीबिळी मी मानली नाही. दोघांचे युकाता स्वतः काढले, वर गेले, चहा ओतला. सेगावाने पाहिलं.

कुवाबारासान म्हणाले, "मुलगी म्हणते ह्या वर्षी शेवटचं. आता तुमची वयं झाली, घरी बसा."

तामाएसान म्हणाल्या, "तिला म्हणावं, तू बस घरी." त्यांचा आवाज खणखणीत आहे. त्यांच्याशी बोलताना मला कधी त्रास होत नाही.

महिनाभरात पहिल्यांदा बरं वाटलं आज.

१८ जानेवारी, शनिवार

आजचं आजच लिहून ठेवते. उद्या कोणी विचारलं तर नेमकं आठवायला हवं.

काउंटरवरच्या दोन पोरी तापाने घरी. बस घाटात रुतली म्हणून सेगावा तिकडे गेलेली. कोहारुपुढे दारापर्यंत रांग. तीनला वीस कमी असताना फोनचा दिवा लुकलुकायला लागला. पडद्यावर कुवाबारासानांचं नाव. मला फोन उचलायची मनाई आहे, ठाऊक आहे. पण माझे पाहुणे आहेत ते. मी उचलला.

"फुकामिसान? बरं झालं, तुम्हीच आहात!"

मागे वाऱ्याचा नुसता घोंगाट. तामाए पडली, पाय वाकडा झालाय, उठता येत नाही. स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या वरच्या टोकाला, झाडीच्या बाजूला. विचारलं, कोणती लिफ्ट? म्हणाले, "इचि." एक नंबर. मी म्हटलं, "माणसं निघालीच म्हणून समजा. हलू नका." फोन ठेवला आणि वॉकीटॉकीवर गस्तीला सांगितलं: एक नंबर, वरचं टोक, झाडी.

कोहारु मान वळवून म्हणाली, "एक नंबरवर? ती तर शिकाऊंची उतरण. तामाएसान सकाळी वर जाणार म्हणत होत्या."

"तुला जास्त कळतं का?" मी ओरडले. सगळी रांग बघायला लागली.

एक नंबरवर कोणी नव्हतं. माणसं झाडीत गेली, ओढ्यापर्यंत गेली. हाका मारल्या. कुवाबारासानांचा फोन लागेना, थंडीने बंद पडला असणार. इवाओ दुखऱ्या गुडघ्याने तळघरातून निघाला आणि ओढ्याकाठी कमरेएवढ्या बर्फात शोधत राहिला. वर वारा वाढला म्हणून सात नंबरची लिफ्ट तीनलाच बंद केली होती. चार वाजून वीस मिनिटांनी गस्तीचा शेवटचा फेरा खाली येत होता, त्यांना ते दोघे दिसले. सात नंबरच्या टोकाला. झाडीच्या बाजूला.

एक तास चाळीस मिनिटं. त्यांनी स्वतःचं जाकीट काढून बायकोवर घातलं होतं. हातमोजे काढून तिच्या पायात चढवले होते.

का सांगितलं त्यांनी एक? माणूस घाबरला की काहीही बोलतो, मान्य. पण बावीस वर्षं येतोय माणूस, त्याला एक आणि सात कळू नये?

२० जानेवारी, सोमवार

तामाएसानांची मांडी मोडली आहे. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. दोघेही शहरातल्या इस्पितळात.

आज सेगावाने मागच्या खोलीत बोलावलं. इवाओ आधीच तिथे बसलेला. त्याला का बोलावलं, कोणी सांगितलं नाही. टेबलावर लहान यंत्र. काउंटरवर येणारा प्रत्येक फोन त्यात भरून राहतो, हे मला आजच कळलं.

"ऐकून घ्या," सेगावा म्हणाली. बटण दाबलं.

वाऱ्याचा आवाज. माझा आवाज. कोणती लिफ्ट? मग ते: "इचि."

"हे बघा!" मी म्हटलं. "इचि! स्वच्छ इचि म्हणाले."

सेगावाने पुन्हा लावलं. इचि. तिसऱ्यांदा लावलं, आवाज मोठा करून. इचि.

"तोशिए," इवाओ म्हणाला. "ते शिचि म्हणताहेत. सात."

"नाही म्हणत."

"म्हणताहेत गं."

आमच्याकडे इचि एक आणि शिचि सात. ह्यात गल्लत होते म्हणून कामावर सातला कोणी शिचि म्हणायचं नाही, नाना म्हणायचं, हा नियम आहे. पाहुण्यांना कुठला नियम! कुवाबारासान जुन्या वळणाचे. पण ते इचि म्हणाले. मी माझ्या कानांनी तीन वेळा ऐकलं.

ह्या दोघांनी ठरवून केलंय हे. हॉटेलला कोणीतरी बळी हवा आहे आणि तो मी. सेगावाचं समजू शकते, पण इवाओ? छत्तीस वर्षांचा संसार. घरी येताना मी त्याच्या गाडीत बसले नाही. चालत आले.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी इवाओ म्हणाला, "चल, बघूच."

मला स्वयंपाकघरात खिडकीकडे तोंड करून उभं केलं. तो माझ्या मागे. तो इचि किंवा शिचि म्हणणार, मी एक बोट वर करायचं किंवा सात. पोरखेळ. पण म्हटलं, होऊन जाऊ दे, मग ह्याला माफी मागायला लावते.

तो म्हणाला, इचि. मी एक बोट वर केलं. इचि. एक बोट. इचि. एक बोट. इचि. इचि. मला हसू आलं, हा आळशी माणूस एकच शब्द बोलतोय. दहा झाले. वळले तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता. हातातला कागद दाखवला. त्याने आधीच लिहून ठेवलं होतं काय काय म्हणणार ते.

दहापैकी सहा वेळा तो सात म्हणाला होता.

मी कागद फाडला. म्हटलं, "तू मुद्दाम हळू बोललास."

"मी ओरडत होतो तोशिए. ओकुमुरांकडची खिडकी उघडली."

खरंच उघडी होती. म्हातारी ओकुमुरा डोकं बाहेर काढून बघत होती.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दोन वर्षं. जास्तच."

"दोन वर्षं! आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. कितीदा तरी सांगितलं. तू 'काय?' म्हणायचीस, मी पुन्हा सांगायला गेलो की ओरडायचीस. मग मी 'काही नाही' म्हणायला लागलो."

हातात भाताचा डाव होता. तो मी भिंतीवर फेकला. त्याचा आवाज मात्र ऐकू आला.

२४ जानेवारी, शुक्रवार

कानाच्या डॉक्टरकडे गेले. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. बराच वेळ काहीच आलं नाही, मला वाटलं यंत्र बिघडलं. बाहेर डॉक्टर माझ्याकडे बघत होते आणि कागदावर रेघ खाली खाली जात होती.

बारीक, वरच्या पट्टीचे आवाज गेलेत म्हणाले. गेले म्हणजे? कोणाला विचारून गेले? मोठे ठोकळे आवाज येतात, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला ऐकू येतंय, फक्त समोरचा नीट बोलत नाही. ते 'शि' अक्षर माझ्यापर्यंत पोचतच नाही. कानात घालायचं यंत्र तीन आठवड्यांनी मिळेल.

बाहेर आले आणि गाडीतळावर उभी राहिले. कोणावर ओरडावं कळेना. इवाओ गाडीचं दार उघडून धरून होता. तो काही बोलला नाही ह्याचाही राग आला. बोलला असता तर त्याचाही आला असता.

तामाएसानांची दोन बोटं गेली आहेत. मी उचललेल्या फोनने.

३० जानेवारी, गुरुवार

मी काउंटरवर जात नाही. चादरी घड्या करते.

आज हॉटेलच्या नावाने एक खोकं आलं. वर माझं नाव. आत शिझुओकाची मिठाई आणि पत्र, शाईच्या कुंचल्याने लिहिलेलं, पण अक्षरं वेडीवाकडी. हातांना पट्ट्या असणार. इथे उतरवून ठेवते:

'माझ्या अस्पष्ट बोलण्यामुळे आपल्या माणसांना वादळात नाहक शोध घ्यावा लागला. आपले यजमान दुखरा गुडघा घेऊन बर्फात उतरले असे समजले. ह्या वयात मी डोंगरावर यायलाच नको होते. हॉटेलच्या अहवालातही क्रमांक नीट कळला नाही असे आहे, आणि मुलगी म्हणते ते खरे आहे, मी गोंधळलो असणार. आपणास आयुष्यभर माफी मागितली तरी थोडी.'

मी पत्र दोनदा वाचलं. कोणता अहवाल?

सेगावा बूट सुकवायच्या खोलीत होती, रांगेतले बूट सरळ करत. मी पत्र तिच्या तोंडापुढे धरलं. "अहवालात काय लिहिलंत?"

तिने मास्क काढला. "वाऱ्यामुळे आवाज अस्पष्ट. लिफ्टचा क्रमांक नीट कळला नाही."

"खोटं!"

"तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. कंपनीने टेप मागितली नव्हती. मला वाटलं..."

"तुम्ही कोण माझी दया करणाऱ्या? तो म्हातारा माझी माफी मागतोय! माझी! बायकोची बोटं गेलीत आणि तो मला मिठाई पाठवतोय!"

मग ती ओरडली. ओसाकाची आहे ते तेव्हा कळलं. गरम हवेच्या नळ्या भणभणत होत्या, तरी प्रत्येक शब्द पोचला.

"पहिल्या आठवड्यात ओळखलं मी! खोलीतला चहा का बंद केला वाटतं? तुम्ही गुडघे टेकून मान खाली घालता, पाहुणे बोलतात, तुम्हाला काही कळत नाही, ते खाली येऊन माझ्याकडे तक्रार करतात! फोनवरून काढलं ते का? कान तपासा म्हणायला गेले तर उठून गेलात! तुम्हाला सांगितलं होतं फोन उचलू नका. सांगितलं होतं! आणि दया तुमच्यासाठी नाही केली. मीही घाबरले होते. ऐकू न येणाऱ्या बाईला काउंटरवर ठेवलं कोणी, असं विचारलं असतं. मी ठेवलं. म्हणून लिहिलं खोटं. झालं समाधान?"

दोघीही धापा टाकत उभ्या. कोणाचा तरी बूट खाली पडला.

"अहवाल बदला," मी म्हटलं.

"दोघींचीही नोकरी जाईल."

"बदला."

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सेगावाने नवा अहवाल कंपनीला पाठवला. खाली तिची सही आणि माझी. पुढे काय होईल ते होईल. मी इस्पितळात जायला निघाले तर तिने गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाली, "मीही येते." म्हटलं, नको. इवाओलाही नको म्हटलं. बसने गेले.

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर कुवाबारासान बायकोच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. दोन्ही हातांना पट्ट्या. आत का बसत नाहीत? मला बघून उठायला लागले, कमरेत वाकायला लागले. मी जमिनीवर गुडघे टेकले आणि कपाळ फरशीला लावलं.

"तुम्ही शिचि म्हणालात," मी म्हटलं. "सात म्हणालात. स्वच्छ म्हणालात. टेपमध्ये सगळ्यांना ऐकू येतं. मला ऐकू येत नाही. मला दोन वर्षं नीट ऐकू येत नाही, मी मान्य केलं नाही, आणि मनाई असताना फोन उचलला. चूक माझी आहे. तुमची काहीच नाही."

बराच वेळ काही नाही. निदान मला काही ऐकू आलं नाही. वर बघितलं तर ते बाकावर बसले होते, पट्ट्यांच्या हातांनी तोंड झाकून. मग हात काढले. त्यांचा असा चेहरा मी बावीस वर्षांत पाहिला नव्हता. मोठ्याने म्हणाले, एकेक शब्द तोडून:

"सोळा दिवस. सोळा दिवस मी रोज तेच आठवतोय, फुकामिसान. काय म्हणालो मी. काय म्हणालो. मुलगी म्हणते बाबा, तुम्ही म्हातारे झालात, तुमच्यावर आई सोपवता येत नाही. मला स्वतःचाच भरवसा उरला नाही."

"हो."

"मी पाठवलेली मिठाई खाल्लीत?"

"नाही."

"मग परत द्या."

खोकं पिशवीत होतं. उघडलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, बाकावर आपल्या बाजूला ठेवलं, आणि त्यावर हात ठेवून बसले. त्यांचे खांदे थरथरत होते. रडत नव्हते. संतापाने.

आवाज ऐकून मुलगी खोलीबाहेर आली. काय झालं ते बापाने सांगितलं. मग ती माझ्यावर तुटून पडली. तुम्हाला लाज नाही वाटली? वॉकीटॉकीवर बोलायच्या आधी एकदा आकडा परत विचारायला काय झालं होतं? माझ्या आईची बोटं! हे सगळं मला नीट ऐकू आलं. मी 'हो' म्हणत राहिले. तिची ताकद संपल्यावर ती बापाकडे वळली. त्याच्या पाठीवर हात ठेवला, तोही अर्धवट, जणू हात भाजेल. त्यांनी तो झटकला. मग तीही बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, मिठाईचं खोकं दोघांच्या मधे.

मी परत जायला निघाले तर आतून कोणीतरी काहीतरी आपटलं. तामाएसान. पलंगाच्या कठड्यावर चमचा वाजवत होत्या.

आत गेले. पाय लोखंडी चौकटीत टांगलेला, चेहरा निम्मा झालेला. तो खणखणीत आवाज राहिला नव्हता. त्या माझ्याकडे बघत काहीतरी म्हणाल्या, ओठ हलले, बस.

पलंगाजवळ गेले. म्हटलं, "मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगाल का?"

त्यांनी कोपरावर भार देऊन स्वतःला थोडं उचललं. कपाळावर शीर फुगली.

"मी म्हटलं, मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"ऐकू आलं," मी म्हटलं.

"बरं. मग खुर्ची घ्या. मला अजून पुष्कळ बोलायचं आहे."

मी खुर्ची त्यांच्या तोंडासमोर ओढली आणि बसले.